देवाची कृपा आणि माणसाची निवड : सहा गैरसमज

‘सगळं कपाळावर लिहिलेलं’ म्हणणारे आपल्याकडे खूप आणि ‘मनात आणलं तर माणूस काहीही करू शकतो’ असं बजावणारेही खूप. ख्रिस्ती धर्म यांतल्या कोणत्या बाजूचा? दर रविवारी न चुकता उपासनेला जाणाऱ्यांनाही याचं उत्तर चटकन देता येत नाही. पंथापंथांत यावरून शतकानुशतकं वाद झाले. पण ज्या मुद्द्यांवर सगळ्यांचं एकमत आहे, नेमके तेच बहुतेकांना ठाऊक नसतात.

गैरसमज १ : देवाने सगळं आधीच ठरवलंय, माणूस नुसतं बाहुलं.

वस्तुस्थिती : पुढे काय होणार हे देवाला ठाऊक असणं वेगळं आणि त्याने ते माणसाकडून करवून घेणं वेगळं, हा भेद संत ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीसच मांडला होता. तारणासाठी, म्हणजे पापातून सुटकेसाठी, कोणाला निवडायचं हे देवच ठरवतो, असं सर्वांत ठामपणे सांगितलं ते धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनच्या परंपरेने. नेदरलँड्समधल्या डॉर्ट इथल्या १६१८-१९ च्या धर्मसभेने हीच भूमिका उचलून धरली आणि तिच्यावरचा अर्मिनियस या धर्मपंडिताच्या अनुयायांचा आक्षेप फेटाळला. असं असूनही त्याच परंपरेतल्या १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात स्वतंत्र इच्छेवर वेगळं प्रकरण आहे आणि माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मुंबई-पुण्यात काम केलेले स्कॉटिश मिशनरी याच परंपरेतले. कॅथलिक आणि मेथडिस्ट याहून पुढे जातात. देवाची कृपा आधी येते, पण ती नाकारण्याची मुभा माणसाला असते, असं ते मानतात.

गैरसमज २ : स्वातंत्र्य म्हणजे मनाला येईल ते करणं.

वस्तुस्थिती : बायबलमधल्या, प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सातवा अध्याय वाचावा. जे चांगलं करायचं असतं ते हातून होत नाही आणि जे टाळायचं तेच घडतं, अशी त्याची तक्रार आहे. ऑगस्टीनचंही तसंच झालं. तरुणपणी त्याला पावित्र्य हवं होतं, पण इतक्यात नको होतं! इ. स. ३८६ मध्ये मिलानमध्ये त्याचं मन बदललं आणि पुढच्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला. मागे वळून पाहताना त्याला दिसलं ते असं, की आपल्याला बाहेरच्या कोणी बांधलं नव्हतं. आपल्याच सवयींनी जखडलं होतं. म्हणून ख्रिस्ती विचारात स्वातंत्र्य हे पर्यायांच्या संख्येवर मोजत नाहीत. चांगलं ते ओळखून करता येणं, हे खरं स्वातंत्र्य.

गैरसमज ३ : निवड आपली, म्हणजे तारणही आपल्याच कर्तबगारीचं.

वस्तुस्थिती : पेलागियस नावाच्या तपस्व्याच्या नावाने ही शिकवण ओळखली जाते. माणूस स्वतःच्या बळावर निर्दोष जगू शकतो, हे मत कार्थेजच्या धर्मसभेने ४१८ मध्ये नाकारलं. चांगल्याकडे वळण्याची इच्छासुद्धा कृपेतूनच उपजते, असं ५२९ च्या ऑरेंज धर्मसभेने सांगितलं. मार्टिन ल्यूथर आणि इरॅस्मस यांचा १५२४-२५ मधला गाजलेला वाद याच प्रश्नावरचा. माणसाची इच्छा स्वतंत्र असल्याचं इरॅस्मसने लिहिलं, तर तारणाच्या बाबतीत ती बांधलेली असल्याचं उत्तर ल्यूथरने दिलं. तारण आपल्या पुण्याईचा मोबदला आहे, असं मात्र दोघांपैकी कोणीच म्हणत नव्हतं. ऑग्सबर्ग इथे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून, तारण पुण्याईने मिळत नाही, हे एकत्रितपणे मान्य केलं.

गैरसमज ४ : कृपा आहे ना, मग कसंही वागलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : ही पळवाट पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातच बंद केली आहे. विसाव्या शतकात तिच्यावर सर्वांत कडक हल्ला चढवला तो जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी. शिष्यत्वावरच्या १९३७ च्या ग्रंथात त्यांनी ‘स्वस्त कृपे’चा समाचार घेतला. पुस्तक लिहून ते थांबले नाहीत. १९३९ च्या जूनमध्ये मित्रांनी त्यांना न्यूयॉर्कला सुखरूप पोहोचवलं होतं. तिथेच राहिले असते, तर कोणी बोल लावला नसता. पण संकटात सापडलेल्या आपल्या लोकांबरोबर राहिलो नाही, तर युद्धानंतर त्यांच्यात काम करण्याचा हक्क उरणार नाही, असं म्हणत ते जुलैमध्ये जर्मनीला परतले. नाझींनी त्यांना १९४३ मध्ये अटक केली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिली.

गैरसमज ५ : ख्रिस्ती घरात जन्म झाला किंवा घरच्या कर्त्याने धर्म स्वीकारला, की बाकीचे आपोआप ख्रिस्ती.

वस्तुस्थिती : रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. आधी त्या नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ आल्या, तरी स्वयंपाक वेगळा आणि सोवळंओवळं कायम. जातीची शिवाशिव माणसाने निर्माण केली की देवाने, याचा विचार त्यांनी स्वतःच्या डोक्याने केला, सोवळं आपणहून सोडलं आणि सुमारे पाच वर्षांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त आडपडदा न ठेवता सांगितलं आहे.

तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारी चर्चही निवडीचा प्रश्न सोडून देत नाहीत. आईवडिलांनी बाळाच्या वतीने दिलेली वचनं मूल जाणतं झाल्यावर दृढीकरणाच्या वेळी स्वतः स्वीकारतं. कॅथलिक देवळात ईस्टरच्या जागरणाला सगळा समाज पेटत्या मेणबत्त्या हातात धरून तीच वचनं दरवर्षी पुन्हा उच्चारतो. बॅप्टिस्ट मंडळी तर जाणतेपणीच बाप्तिस्मा देतात. नागपुरात १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने दोन्ही पद्धती एकाच छत्राखाली मान्य केल्या. विश्वास ठेवण्याची कृती मुक्तच असली पाहिजे, कोणावरही सक्ती नको, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये लेखी नोंदवलं.

गैरसमज ६ : एकदा निर्णय घेतला की काम संपलं.

वस्तुस्थिती : पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. त्यानंतर तिथल्या आश्रमातल्या सिस्टरांशी त्यांचे धर्मतत्त्वांवरून खटके उडाले. मोठे सांगतात म्हणून मान डोलवायची, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. ख्रिस्ताची खरी ओळख आपल्याला बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी झाली, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं. पेत्राची गोष्ट तर सर्वांना माहीत आहे. एका रात्रीत तीनदा येशूला नाकारलेला हा शिष्य पुढे मंडळीचा आधारस्तंभ झाला. लूकच्या शुभवर्तमानात येशू वधस्तंभ रोज उचलायला सांगतो, एकदाच नव्हे.

पंथांमधले मतभेद खोटे नाहीत आणि ते लपवण्याचंही कारण नाही. पण कृपा थोर म्हणून माणसाची जबाबदारी कमी होते, असं यांतलं कोणीही शिकवत नाही. सकाळी दुकान उघडताना वजनकाटा नीट ठेवायचा की नाही, अबोला धरलेल्या भावाला आधी फोन करायचा की नाही, हे प्रश्न देव आपल्या वतीने सोडवत नाही. त्यासाठी लागणारं बळ तो देतो, ही ख्रिस्ती श्रद्धा; ते बळ घ्यायचं की नाही, याचं उत्तर ज्याचं त्याने द्यायचं आहे.