चाकांचा संसार – लेखांक ६ : बोअरचं पाणी आणि पाच लाख किलोमीटर

जुनी गाडी घेताना काय पाहायचं, ते गेल्या लेखांकात झालं. आता गाडी दारात आली आहे असं धरू. मीटर तीन लाखांच्या पुढे गेलंय, किंवा केबल तुटल्यामुळे कधीचं एकाच आकड्यावर थांबलंय. अशा गाडीच्या मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे इंजिन अजून किती चालेल?

वर्षानुवर्षं गॅरेजांत उभं राहून जे पाहिलं, त्यावरून माझं उत्तर असं आहे : आपल्या भागात जुनं डिझेल इंजिन झिजून संपायच्या आधी तापून संपतं. लाइनर-पिस्टन अजून दोन-तीन वर्षं सहज निघाले असते, अशी इंजिनं हेड वाकल्यामुळे नाहीतर ब्लॉकला तडा गेल्यामुळे भंगारात जातात. म्हणून जुन्या गाडीवर खर्चायला पहिला रुपया हातात असेल, तर तो रेडिएटरवर खर्च करा.

देगलूरकरांसाठी हा विषय हौसेचा नाही. आपल्या गावाला रेल्वे नाही. अकोल्याहून हिंगोली, नांदेड करत संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ आपल्या उशाशी आहे. पलीकडे तेलंगणातलं मदनूर, खाली कर्नाटकातलं बिदर, पश्चिमेला उदगीर. बाजाराचा माल, लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्याचा पेशंट, सगळं चाकांवरच. आणि ही चाकं बहुतेक करून जुन्या गाड्यांची. टाटा ४०७ बाजारात आली १९८६ मध्ये, सुमो १९९४ मध्ये, बोलेरो २००० मध्ये. सुमोचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, तरी आपल्या रस्त्यांवरून सुमो अजून उतरलेली नाही. टेम्पो ट्रॅक्सही अजून सवाऱ्या भरून पळतेच आहे.

या गाड्या इतकी वर्षं का टिकतात, हे आधी समजून घेऊ. त्यांचं इंजिन ओतीव लोखंडाचं, जड आणि कमी फेऱ्यांवर काम करणारं. डिझेलचा पंप मेकॅनिकल, त्याला कॉम्प्युटर लागत नाही. ट्रकच्या आणि बऱ्याच जुन्या डिझेल इंजिनांत सिलिंडरचा लाइनर वेगळा असतो. झिजला की तो काढून नवा बसवायचा, ब्लॉक तोच राहतो. म्हणजे हे इंजिन बनवतानाच 'पुढे कधीतरी खोलायचं आहे' हे धरून बनवलेलं आहे.

याचं जगातलं एक मोठं उदाहरण आपल्या ट्रॅक्सच्या नात्यातलं आहे. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरात ग्रेगोरिओस साखिनिदिस नावाचे एक टॅक्सीचालक होते. त्यांची १९७६ सालची मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४ मध्ये कंपनीनं ती आपल्या संग्रहालयासाठी घेतली. त्या गाडीत ओएम ६१६ जातीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. याच इंजिनाचा परवाना घेऊन बजाज टेम्पोनं, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनं, ते आपल्या ट्रॅक्समध्ये बसवलं. पण ४६ लाखांचा आकडा एकाच इंजिनानं गाठलेला नाही. साखिनिदिस इंजिनं आलटून-पालटून वापरत. एक उतरवून ते पूर्ण नीट करून ठेवायचे, तोवर दुसरं गाडीत. बंद पडेपर्यंत थांबायचं नाही, ही त्यांची रीत. आपल्याकडे तेच इंजिन आहे, मिस्त्रीही हुशार आहेत. फक्त आपण गाडी गॅरेजला नेतो ती दोरीनं ओढत.

आता पाण्याकडे येऊ. इंजिनात जळणाऱ्या डिझेलमधली ढोबळमानानं एक तृतीयांश ताकदच चाकांकडे जाते. साधारण तेवढीच उष्णता धुरावाटे जाते आणि उरलेली मुख्यतः पाण्यानं रेडिएटरपर्यंत वाहून न्यायची असते. मे महिन्यात बाहेरचीच हवा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर असते. त्यात गाडी भरलेली आणि उदगीरकडे बालाघाटाचा चढ. अशा वेळी रेडिएटर पूर्ण ताकदीनं चालला तरच जमतं. आणि त्यात आपण ओततो बोअरचं पाणी.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की ते क्षार वेगळे होऊन धातूवर बसतात. घरातल्या हीटरच्या रॉडवर जो पांढरा थर चढतो तोच हा. रेडिएटरचं काम करणाऱ्याकडे एकदा मुद्दाम उभे राहा. तो वरच्या टाकीचा डाक सोडवतो आणि आतल्या चपट्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. बोअरच्या पाण्यावर चाललेल्या गाडीत त्यातली कित्येक तोंडं तांबूस-पांढऱ्या खपलीनं पार बुजलेली असतात. कारागीर एकेका नळीत पातळ पोलादी पट्टी घालून मागे-पुढे करतो आणि खालून चुन्यासारखा चुरा पडतो. जिथे नळी बुजलेली नसते तिथेही आतून थर असतोच. या थरातून उष्णता पितळेच्या मानानं कित्येक पट कमी वेगानं जाते. पाणी फिरतंय, पंखा फिरतोय, तरी इंजिन तापतंय, याचं कारण बहुधा इथे सापडतं.

यावर आपल्याकडे एक इलाज सर्रास केला जातो : थर्मोस्टॅट काढून फेकायचा. हा झडपेसारखा छोटा भाग इंजिन गार असताना रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी साधारण ऐंशी अंशांच्या आसपास गेलं की उघडतो. तो काढला की काटा खाली येतो आणि मालकाला वाटतं, काम झालं. पण बुजलेला रेडिएटर तसाच राहतो. शिवाय थंडीच्या दिवसांत इंजिन नीट तापतच नाही. गार सिलिंडरमध्ये डिझेल पुरतं जळत नाही, काही कच्चं डिझेल रिंगांवरून ऑईलमध्ये उतरतं, ऑईल पातळ होतं, झीज वाढते आणि डिझेलही जास्त लागतं. थर्मोस्टॅट खराब झाला असेल तर नवा बसवा. तो महाग भाग नाही.

रेडिएटरच्या झाकणाचंही तसंच आहे. त्यातली स्प्रिंग पाण्यावर दाब ठेवते आणि दाबाखालचं पाणी शंभर अंशांना उकळत नाही, त्याच्या बरंच पुढे उकळतं. रबर कडक झालेलं, स्प्रिंग ढिली झालेली झाकणं आपण वर्षानुवर्षं वापरतो. मग चढावर पाणी उकळून बाहेर येतं आणि दोष इंजिनाला जातो.

यावर उपाय सोपा आहे, पण क्रमानं करावा लागतो. आधी रेडिएटर उतरवून नळ्या साफ करून घ्या आणि ब्लॉकमधला गाळ धुऊन काढा. मग तयार कूलंट भरा, किंवा बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणात कूलंट मिसळून भरा. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे. त्यानं उकळायचा अंश वाढतो, गंज थांबतो, आणि लाइनरच्या बाहेरच्या बाजूला होणारी एक छुपी झीजही आटोक्यात राहते. डिझेलच्या ठोक्यांनी लाइनर थरथरतो, त्याला लागून असलेल्या पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि फुटताना धातूला टोचे पाडतात. नुसत्या पाण्यावर चालवलेल्या इंजिनात अशा टोच्यांतून शेवटी पाणी आत शिरतं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जुन्या इंजिनात क्षाराच्या खपलीनंच काही बारीक गळत्या बुजवलेल्या असतात. सफाईनंतर वॉटर पंपाचं सील किंवा एखादा पाइप गळायला लागला, तर कूलंटला नावं ठेवू नका. तो भाग आधीच गेलेला होता.

कूलंट परवडतच नसेल तर निदान बोअरचं पाणी टाळा. पहिले एक-दोन पाऊस होऊन पत्रे धुतले गेले की पत्र्यावरचं पाणी स्वच्छ ड्रममध्ये धरा आणि फडक्यानं गाळून ठेवा. त्यात क्षार जवळजवळ नसतात. गंजापासून ते वाचवणार नाही, पण नळ्या बुजवणारही नाही.

रेडिएटर बाहेरूनही बुजतो. सोयाबीनची मळणी सुरू झाली की हवेत भुसकट उडतं आणि ते जाळीच्या फटींत जाऊन बसतं, वर धूळ आणि ऑईलचा चिकटा. हे पाणी मारून साफ करताना इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला मारायचं, तेही हलक्या दाबानं. समोरून जोरात मारलं तर घाण आणखी आत जाते आणि पातळ पत्र्या वाकतात.

हेड गॅस्केट जायला लागलंय का, हे मिस्त्रीकडे न जाताही कळतं. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना झाकण बसवून गाडी सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा पाइप हातानं दाबून पाहा. पाणी तापायच्या आतच, मिनिट-दोन मिनिटांत, पाइप दगडासारखा टणक झाला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. दुसऱ्या दिवशी पुन्हा गार इंजिनावर, या वेळी झाकण काढून, सुरू करा. बुडबुडे थांबतच नसतील तर खात्री झाली असं समजा. ऑईलची काडी ओढल्यावर दुधाच्या चहासारखं ऑईल दिसलं, तर पाणी ऑईलमध्ये गेलंय. मग गाडी त्या क्षणापासून सुरूसुद्धा करू नका. वेळेत पकडलं तर गॅस्केट आणि हेड फेसिंग यावर भागतं. तशीच पळवली तर पूर्ण इंजिनाचं काम निघतं.

आणि रस्त्यात काटा वर गेलाच, तर गाडी बाजूला घ्या आणि थांबा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, उसळणाऱ्या वाफेनं चेहरा आणि हात भाजतात. लालबुंद इंजिनात गार पाण्याची कळशी ओतू नका, हेडला तडा जातो तो याच घाईत. अर्धा-पाऊण तास थांबायची तयारी ठेवा. हा काटाच बंद असेल तर तो आधी चालू करून घ्या. तापमान न दाखवणारी जुनी गाडी लांबच्या रस्त्याला काढू नये.

पाण्यानंतर धूळ. २५०० सीसीचं इंजिन २००० फेऱ्यांवर चालताना मिनिटाला सुमारे अडीच हजार लिटर हवा ओढतं, टर्बो असेल तर आणखी. तासाचा हिशेब दीड लाख लिटरवर जातो. देगलूर-बिलोली पट्ट्यात दख्खनचा काळा पाषाण संपत येतो आणि खालचा ग्रॅनाइट वर येतो. ग्रॅनाइटच्या धुळीत स्फटिकाचे कण असतात. हा स्फटिक साध्या पोलादावर ओरखडा काढतो. असे कण रिंग आणि लाइनरच्या मध्ये गेले की काय होतं ते वेगळं सांगायला नको. एअर फिल्टर बदलणं सगळ्यांना माहीत असतं. नजरेतून सुटतो तो फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप. त्याला खालच्या बाजूला चीर असते, किंवा क्लिप ढिली असते, आणि सगळी धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते. हा पाइप काढा, आत पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर नवा फिल्टर घालूनही उपयोग नाही, आधी पाइप बदला. जुन्या गाडीत ऑईल-बाथ एअर क्लीनर असेल तर त्याच्या वाटीतलं ऑईल दाट, चिखलासारखं व्हायच्या आधी बदला.

इंजिनाची तब्येत धूर सांगतो. भार पडल्यावर काळा धूर : हवा कमी किंवा डिझेल जास्त, म्हणून फिल्टर आणि नोजल पाहा. निळा धूर : ऑईल जळतंय. तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर : कच्चं डिझेल किंवा पाणी. चालू इंजिनावर ऑईल भरायचं झाकण सैल करा. तिथून धूर जोरात फेकला जात असेल, तर रिंगा थकल्या आहेत. मिस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. हे सगळं एकदम होत नाही, महिन्यांनी वाढत जातं. म्हणून एक वही ठेवा. ऑईल कधी बदललं, मधे किती टाकावं लागलं, पाणी किती कमी झालं, एवढंच लिहा. हजार किलोमीटरला अर्धा लिटर लागणारं ऑईल दीड लिटरवर गेलं, की इंजिन कधी खोलायचं ते वहीच सांगेल. मग ते काम मालकाच्या सवडीनं होतं. हंगामात, भरल्या गाडीनिशी, मदनूरच्या पुढे रस्त्यावर होत नाही.

ऑईल काळं झालं म्हणून वाईट झालं असं नव्हे. डिझेलची काजळी पोटात धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे. पण पुस्तकात दिलेला ऑईल बदलायचा पल्ला चांगल्या रस्त्यांसाठी असतो. धूळ, जादा भार आणि उन्हाळा असेल तर तो कमी करा. टर्बो असलेली गाडी लांबून आली की लगेच बंद करू नका, मिनिटभर तशीच चालू ठेवा.

२०२० च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-६ गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा धूर स्वच्छ आहे, आणि ते आपल्या मुलाबाळांच्या फुफ्फुसांसाठी चांगलंच आहे. जुनी गाडी ठेवणाऱ्यावर म्हणूनच जास्त जबाबदारी येते. ती ठेवायची तर धूर न ओकणारी, रस्त्यात आडवी न होणारी अशीच ठेवायची.

यंदा होळीच्या आत चार कामं उरकून घ्या : रेडिएटर आतून-बाहेरून साफ, नवं झाकण, चालू थर्मोस्टॅट आणि तापमानाचा चालू काटा. त्यांचा सगळा खर्च एका इंजिनकामाच्या थोड्याशाच हिश्श्यात बसतो.

पुढच्या आठवड्यात इंजिनाखाली उतरू : चासी, कमानी, ब्रेक आणि पासिंग. आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी आणि पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीला दर पाच वर्षांनी तपासणीला उभं राहावं लागतं. काळ्या मातीचा ओला चिखल चासीच्या कोपऱ्यांत काय करून ठेवतो, तिथून सुरुवात करू.