कानात बोट घाला आणि ‘म्म्म’ म्हणा

हे वाचता वाचताच करून बघा. उजव्या कानात बोट घट्ट घाला, तोंड मिटा आणि ‘म्म्म्म’ असा हुंकार काढा. आवाज कुठे घुमला? बंद केलेल्या कानात. उघडा कान बिचारा नुसताच मोकळा!

दवाखान्यात याच खेळाला वेबर टेस्ट म्हणतात. अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाचं हे 1834 मधलं निरीक्षण. नादकाटा ठोकायचा, पेशंटच्या कपाळाच्या मधोमध टेकवायचा आणि विचारायचं, “आवाज कुठल्या बाजूला येतोय?” मळाने कान बुजला असेल तर आवाज त्याच, बुजलेल्या कानात मोठा येतो. आतली नसच दुबळी झाली असेल तर उलटं, चांगल्या कानात. म्हणून ‘कालपासून डाव्या कानाने ऐकू येत नाही, मळ असेल’ असं सांगत आलेल्या माणसाने उजव्या कानाकडे बोट दाखवलं, की जाणकार सिस्टर त्याला ड्रॉप देऊन घरी पाठवत नाही. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पिटाळते. नस अचानक बसली असेल तर उपचाराला आठवडा घालवून चालत नाही.

हा नादकाटा मुळात गवयांच्या गोतावळ्यातला. 1711 मध्ये जॉन शोर नावाच्या इंग्रज तुतारीवादकाने तो सूर लावायला बनवला. कान तपासायला 512 हर्ट्‌झचा घेतात. त्याहून खर्जातला घेतला तर पेशंटला आवाजापेक्षा हाडातली थरथर जास्त जाणवते, आणि फार चढा घेतला तर ‘ऐकू येतंय का?’ विचारेपर्यंत विझून जातो.

सिस्टर आणि निदान?

हो. अमेरिकेत 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला ‘नर्स प्रॅक्टिशनर’ अभ्यासक्रम सुरू केला. तपासायचं, निदान करायचं, औषध लिहून द्यायचं, हे सगळं नर्सनेच. फोर्डबाई 2025 च्या जानेवारीत गेल्या, वयाच्या 104 व्या वर्षी. आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारं काम उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी करतात, आणि त्यांत नर्सिंग शिकून आलेलेही असतात. आयुष्मान आरोग्य मंदिर हे या उपकेंद्राचंच नवं नाव, आणि त्याच्या 12 सेवांच्या यादीत डोळ्यांच्या आणि कान-नाक-घशाच्या नेहमीच्या तक्रारी आहेत. उपकेंद्रात काही स्कॅनचं मशीन नसतं. मग हाताशी काय, तर टॉर्च, बोटं आणि नेमका प्रश्न.

कान धरायची रीत

मास्तरांना कान कसाही पिळून चालायचा, तपासताना नाही. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढायचा, तान्ह्या-लहानग्यांचा खाली आणि मागे. तरच वाकडी वाट सरळ होते आणि पडदा दिसतो. निरोगी पडदा मोत्यासारखा राखाडी असतो आणि त्यावर उजेडाचा एक तिकोनी कवडसा पडतो. घड्याळ डोळ्यासमोर आणा. उजव्या कानात कवडसा पाचच्या ठिकाणी, डाव्यात सातच्या.

पोर भोकाड पसरून रडत असेल तर पडदा नुसत्या रडण्यानेही लाल होतो. त्यामुळे ‘लाल दिसला, द्या अँटिबायोटिक’ हे बरोबर नाही. पडदा बाहेर फुगलाय का, ते बघायचं.

आणि आत डोकावण्याआधीची फुकट तपासणी: कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा हलकेच दाबायचा. पेशंट ‘आई गं!’ करून उडाला, तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीत. काहीच झालं नाही, तर पडद्यामागे शोधा. तिथेही काही सापडलं नाही, तर तोंड उघडायला सांगा. किडलेली दाढ कानात दुखणारे कमी नाहीत.

पावसाळ्यात कानाला खाज सुटते, दडे बसतात. आत बघावं तर भिजलेल्या वर्तमानपत्राचा लगदा, वर शाईसारखे काळे ठिपके. ही बुरशी. उपमा माझी नाही, वैद्यकाच्या पुस्तकांत ती अशीच लिहिलेली असते. या कानात आजीचं लसणीचं कोमट तेल ओतलं की बुरशीला दमट घर मिळतं. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात. आजीवर माझा राग नाही, पण तेलाची वाटी आधी बाजूला ठेवा.

एक अपवाद आहे. कानात जिवंत किडा वळवळत असेल आणि पडदा धड असल्याची खात्री असेल, तर तेलाचे थेंब टाकून आधी त्याला थंड करायचं, मग काढायचा. तेच पोराने हरभरा घातला असेल तर पाण्याची पिचकारी मुळीच मारायची नाही. हरभरा फुगतो हे स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक असतं, कानाशी आल्यावर विसरतं. आणि घड्याळाची बटण-बॅटरी घातली असेल तर घरी काही न करता थेट मोठा दवाखाना गाठा. ती काही तासांत आतली कातडी जाळते.

चंद्रावरून आलेले डोळे

1969 च्या जूनमध्ये घानाच्या आक्रा शहरात डोळे येण्याची नवीच साथ सुरू झाली. त्याच सुमारास माणूस चंद्रावर उतरला. लोकांनी दोन्हींची सांगड घातली आणि साथीचं नाव पडलं ‘अपोलो 11 रोग’. दोन वर्षांनी, 1971 मध्ये, बांगलादेशाच्या लढ्याच्या दिवसांत कोलकात्यात डोळे आले. तिथे नाव पडलं ‘जॉय बांगला’. आपल्याकडे 2023 च्या जुलैत आळंदीत डोळे आले आणि मग राज्यभर पसरले. नाव मात्र काही पडलं नाही.

ज्याचे डोळे आलेत त्याच्या डोळ्यांत बघितल्याने आपले येत नाहीत. हात, रुमाल, टॉवेल यांतून येतात. गॉगलचा उपयोग त्या माणसाला उजेड सोसावा इतकाच. मागच्या साथीत गॉगल घालून तोच हात दाराच्या कडीला लावणारे मी पुष्कळ पाहिले.

लाल डोळा समोर आला की सिस्टरचे तीन प्रश्न ठरलेले. आतून दुखतंय का? उजेड सोसत नाही का? दिसायला कमी झालंय का? तिन्हींना ‘नाही’ आलं तर बहुतेक वेळा श्वास सोडायला हरकत नाही. बुबुळाशेजारी रक्ताचा लालभडक डाग पडला की घर हादरतं, पण जोराच्या खोकल्याने किंवा शिंकेने फुटलेली ती बारीक रक्तवाहिनी असते. दुखत नाही, एक-दोन आठवड्यांत आपोआप विरून जाते.

भीती वाटावी ती वेगळ्याच पेशंटची. साठीच्या बाई, संध्याकाळपासून अर्धं डोकं फुटतंय, दोनदा उलटी झाली. घरच्यांचं निदान तयार: ‘पित्त उसळलंय.’ आलं-लिंबू देऊन झालेलं. सिस्टर टॉर्च लावते आणि एक डोळा लाल दिसतो. बाहुली अर्धवट विस्फारलेली, उजेड टाकला तरी आकसत नाही. “काकू, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का?” “हो गं, इंद्रधनुष्यासारखी.” मिटलेल्या पापणीवरून दोन्ही डोळे बोटाने हलकेच दाबून बघितले तर दुखरा डोळा गोटीसारखा टणक. हा अचानक उठलेला काचबिंदू. पोटाच्या गोळ्या देत रात्र काढली तर नजर कायमची जाऊ शकते. अंधारात बाहुली मोठी होते, म्हणून हे दुखणं संध्याकाळी किंवा सिनेमागृहात गाठतो.

आता थोडं हलकं. चष्मा काढा, पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि त्यातून समोरचं कॅलेंडर वाचा. अक्षरं स्पष्ट झाली? तर दोष नंबरचा. नाहीच झाली तर मोतीबिंदू किंवा त्याच्याही मागचं काही शोधावं लागेल. चष्मा विसरलेले लोक डोळे बारीक करून बसची पाटी वाचतात, ती हीच युक्ती.

‘माझं सायनस आहे’

असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. अमेरिकेतल्या 2004 च्या एका अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ सांगणारे 2,991 जण तपासले. त्यातल्या 88 टक्के लोकांची लक्षणं अर्धशिशीची निघाली. अर्धशिशीवाला अंधारी खोली शोधून पडून राहतो. क्लस्टर नावाच्या डोकेदुखीवाला उलट खोलीभर येरझाऱ्या घालतो, एका डोळ्यातून पाणी गाळत. दारातून आत येतानाच अर्धं उत्तर मिळतं.

रोज गोळी घेऊनही डोकं दुखत असेल तर गोळीच मोजा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकं दुखवू लागते. आणि मिनिटभरात शिगेला पोचलेली, ‘आयुष्यात अशी दुखली नव्हती’ अशी डोकेदुखी? प्रश्न विचारत बसायचं नाही, गाडी बोलवायची.

कूस बदलली की खोली गरगर फिरते, पण मिनिटाच्या आत थांबते, त्यात डोक्याचा दोष नाही. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे शिंपल्यात असतं त्याच द्रव्याचे, सूक्ष्म खडे असतात. ते जागा सोडून नळीत घरंगळतात. जॉन एप्ले या अमेरिकी डॉक्टरने डोकं क्रमाने वळवून ते परत जागी नेण्याची रीत काढली. सहकाऱ्यांनी आधी नाकं मुरडली, 1992 मध्ये त्याचा निबंध छापून आला. आता गोळी न देताही कितीतरी जणांची घेरी टेबलावरच थांबते.

राहता राहिला खोकला. कान कोरताना काहींना ठसका लागतो, कारण कानाच्या नळीला मेंदूतून निघालेल्या व्हेगस नसेची एक फांदी पोचते, आणि हीच नस घशालाही जाते. महिनोन्‌महिने कोरडा खोकला, छातीचा फोटो साफ, सिरपच्या बाटल्या रिकाम्या, आणि शेवटी कारण निघालं पडद्याला टेकलेला एक केस, अशी उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. केस काढला, खोकला गेला.