नवी तबकडी घ्यावी की जुनीच राखावी?

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील कुरणांच्या प्रदेशात दोन घरांमधील अंतर पुष्कळदा काही मैलांचे असते. इतक्या तुरळक वस्तीपर्यंत तार नेणे कंपन्यांना सहसा परवडत नाही. म्हणूनच तेथील अनेक घरांच्या छपरांवर दक्षिणेकडे तोंड करून बसविलेली एक तबकडी दिसते. घरातील इंटरनेटचा सारा व्यवहार तिच्यामार्फत चालतो.

अशा एका घराची कल्पना करावी. तबकडी सात-आठ वर्षांची आहे. मुलीचा दूरस्थ वर्ग चालू असता चित्र मधूनच गोठते. आजोबा दूरच्या इस्पितळातील डॉक्टरांशी बोलू लागले, की दोघे एकदम बोलतात आणि दोघेही एकदम थांबतात. आजारपणाचे वर्णन अर्धवट राहते. अशा वेळी नव्या उपकरणांची जाहिरात हाती पडते. काही शे डॉलरांचा खर्च आणि वर शिवाय दोन वर्षांचा करार! हा खर्च करावा काय? त्याचे उत्तर जाहिरातीत शोधण्यापेक्षा संदेश किती दूर जाऊन येतो, हे आधी पाहिले पाहिजे.

विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाशी तंतोतंत गती राखतो. त्यामुळे तो आकाशात एकाच ठिकाणी स्थिर भासतो. अशा उपग्रहांद्वारे जगभर संदेश पाठविता येतील, हा विचार आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये मांडला होता. तबकडी एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही, हा या योजनेचा मोठा लाभ होय. परंतु त्याची किंमतही आहे. प्रश्न वर जातो, खाली येतो; उत्तरही तसेच वर जाऊन खाली येते. हा प्रवास सुमारे १,४३,००० किलोमीटरचा होतो. प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर या गतीने, त्यास जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. आजोबांच्या संभाषणातील घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

नवे उपकरण येथे काय साधते? २०१६ च्या डिसेंबरात ‘ज्युपिटर-२’ हा उपग्रह अवकाशात गेला आणि २०१७ पासून त्याच्या आधारे ह्यूज कंपनीने अमेरिकेतील घरांना सेकंदाला २५ मेगाबिट वेगाची सेवा देऊ केली. २०२३ च्या जुलैमध्ये त्याहून अधिक क्षमतेचा ‘ज्युपिटर-३’ गेला. अशा बदलाने संदेशाचा रस्ता रुंद होतो आणि एकाच वेळी अधिक माहिती वाहून जाते. तथापि रस्त्याची लांबी तीच राहते. त्याच उंचीवरील उपग्रहासाठी कितीही उत्तम मोडेम घेतला, तरी तो अर्धा सेकंद कमी होत नाही.

लांबी कमी करावयाची तर उपग्रहच खाली आणला पाहिजे. २०१९ च्या मे महिन्यापासून स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर सोडण्यात येऊ लागले. तेथवरच्या प्रवासास सेकंदाचे काही सहस्रांश पुरतात. इतर विलंब धरूनही उत्तर बहुधा सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास मिळते. मात्र हे उपग्रह आकाशातून झपाट्याने सरकत असतात. जुनी स्थिर तबकडी त्यांचा माग काढू शकत नाही. विजेच्या साहाय्याने आपला रोख बदलणारी निराळी तबकडी घ्यावी लागते. तिला आकाशाचा मोठा भाग मोकळा हवा. घराभोवती उंच पाइनवृक्ष असतील, तर संबंध वारंवार तुटेल. तिचा वीजखर्चही ध्यानात घ्यावा. ७५ वॅटचे साधन अहोरात्र चालले, तर दिवसाला १.८ युनिट वीज लागते. सूर्यविजेवर चालणाऱ्या घराला हा भार लहान नव्हे.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी दोष कोठे आहे, याची परीक्षा करणे श्रेयस्कर. संगणक तारेने थेट मोडेमला जोडून पहाटे आणि रात्री नऊच्या सुमारास वेग मोजावा. तारेने वेग चांगला, पण माडीवरच्या खोलीत मंद असेल, तर दोष घरातील बिनतारी जोडणीचा होय. पहाटे चांगला आणि रात्रीच मंद असेल, तर एकाच उपग्रह-झोतावर गर्दी झाली आहे. त्याच झोतावर नवा मोडेम बसवून फारसे साधणार नाही. साध्या पावसातही संबंध तुटत असेल, तर गंजलेले सांधे आणि तबकडीचा रोख तपासून घ्यावा.

समजा, या घरात वेग तारेने दोन्ही वेळा चांगला आढळला. मग मुलीची अडचण मोडेमजवळचे बिनतारी यंत्र मध्यवर्ती जागी नेल्यानेही सुटण्याजोगी आहे. आजोबांची अडचण मात्र खालच्या कक्षेतील सेवेनेच सुटेल. त्याच जुन्या उंचीवरील उपग्रहाची नवी उपकरणे घेतल्यास ती सुटणार नाही.

आणखी एक प्रश्न उरतो: जवळपास तार येऊ घातली आहे काय? अंदमान बेटांचा अनुभव येथे बोधप्रद आहे. तेथील दळणवळण दीर्घकाळ मुख्यतः उपग्रहांवर विसंबून होते. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्रतळावरून टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची केबल सुरू झाली, आणि उपग्रहाची जी मर्यादा होती ती समुद्राखालच्या तारेने ओलांडली. तार लवकरच येणार असेल, तर दोन वर्षांच्या करारात अडकणे शहाणपणाचे नाही.

उपकरण जुने झाले, एवढ्यावरून ते निरुपयोगी ठरत नाही. आपली अडचण वेगाची आहे, विलंबाची आहे, की घरातल्या घरातच आहे, हे ज्याने ओळखले, त्याचा निर्णय निम्मा झालाच.