लोखंड होते, टाचणी नव्हती

कऱ्हाडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने कुड्याच्या डोंगरात एक लेणे दान दिले. तिथला ब्राह्मी लेखच तसे सांगतो. दिघीपाशी समुद्राला मिळणारी राजपुरीची खाडी आत मांदाडकडे शिरते; तिच्याच काठी, तळा तालुक्यात, ही सातवाहनकालीन बौद्ध लेणी आहेत. महाभोज या स्थानिक सत्ताधाऱ्यांच्या घरची माणसे, वैद्य, माळी अशा दात्यांच्या पंक्तीला हा लोखंडवाला बसला आहे. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत चौलनंतर येणारे मंदगोर बंदर म्हणजे मांदाडच, असे अनेक अभ्यासक मानतात.

ज्या रोमन जगाशी या किनाऱ्याचा व्यापार होता, तिथे अंगावरचे वस्त्र खांद्याशी 'फिब्युला' नावाच्या टाचणीने अडकवत. बहुतेक फिब्युला कांसे-पितळेच्या असत. युरोपात लोखंडीही घडत. सळई तापवून ऐरणीवर ठोकत लांबवायची, एक टोक सुईसारखे निमुळते करायचे, मध्ये दोन-तीन वेढे देऊन ताण आणायचा आणि दुसऱ्या टोकाला ती सुई अडकेल अशी खोबण वळवायची. वॉल्टर हंटने 1849 साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या सेफ्टी पिनचे तत्त्व हेच.

मग आपल्याकडे अशी टाचणी का दिसत नाही? कारागिरी कमी पडली म्हणून खचित नव्हे. नागपूरजवळच्या नायकुंडला इसवी सनापूर्वी सुमारे 700 वर्षांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. माहूरझरीच्या शिळावर्तुळांत घोड्यांचे लोखंडी लगाम मिळाले. असल्या हातांना टाचणी वळवणे काय जड होते!

उत्तर कापडात आहे. जाड्याभरड्या लोकरीत टाचणी धागे बाजूला सारून शिरते. तलम सुतात तीच धागा तोडते. त्यात खारी हवा. लोखंडाचा गंज सुती कापडावर उतरला की तो डाग जन्माचा. कुड्याच्या सहाव्या लेण्यातील दंपतीशिल्पे पाहावीत: अंगभर दागिने, पण वस्त्र सावरले आहे ते कमरपट्ट्याने आणि गाठीने. पंधराव्या शतकात चौलला उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन हाही इथल्या सरदारांच्या खांद्यावरच्या आणि कमरेच्या वस्त्रांचेच वर्णन करतो.

शिवलेले कपडे आले, तरी बंद सुटले नाहीत. बाराबंदीला बटण नाही, टाचणी नाही. नुसते बांधायचे बंद.

ब्रोच आला तो पार आधुनिक काळात. 1864 मध्ये पती सत्येंद्रनाथ टागोरांबरोबर मुंबईला आलेल्या ज्ञानदानंदिनी देवींनी पारशी बायकांची साडी नेसण्याची तऱ्हा पाहून आपली नवी पद्धत बसवली. पुढे बंगालच्या ब्राह्मो घरांतून ती रुळली आणि खांद्यावर ब्रोच चढला. म्हणून ऐतिहासिक नाटकात सरदाराच्या शेल्यावर भलामोठा ब्रोच टाचलेला दिसला की मन खट्टू होते. वेशभूषा करणाऱ्यांनी पैसे त्या ब्रोचऐवजी चांगल्या सुतावर घालावेत आणि बंद बांधायला शिकवणारे माणूस शोधावे. ते दूर नाही: सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे भक्त दर संक्रांतीला पांढरी बाराबंदी घालतात, आणि तिचे बंद बांधतात.