बोटांचा परवाना

टोकियोतल्या आमच्या ऑफिसात मीटिंग रूमच्या रांगेतल्या शेवटच्या दारावर 'मसाज रूम' अशी छोटी पाटी आहे. आत एक उंच पलंग, पांढऱ्या सुती कापडांची चळत आणि कोपऱ्यात संगणक. खोली ज्यांच्या ताब्यात आहे त्या बाईंना सगळे नुसतं 'सेन्सेई' (म्हणजे गुरू) म्हणतात. पन्नाशीच्या आसपासच्या आहेत, जन्मापासून दृष्टी नाही, आणि आमच्याप्रमाणेच कंपनीच्या पगारावर आहेत. जपानात या हुद्द्याला 'हेल्थ कीपर' म्हणतात. मोठ्या कंपन्यांना अपंग कर्मचाऱ्यांचं ठरावीक प्रमाण राखावं लागतं (एप्रिल २०२४पासून ते अडीच टक्के झालं), आणि काही कंपन्या ते अशा नेमणुकांनी भरून काढतात. त्यात पुण्य किती आणि हिशेब किती हे ज्याचं त्यानं ठरवावं. दिवसभर मान वाकवून कोड लिहिणाऱ्यांची सोय झाली, एवढं खरं.

आत गेलं की आधी ऐकू येतो संगणक. स्क्रीन रीडर माझी मागची नोंद वाचत असतो, तोही असा सुसाट की जपानी येत असूनही मला त्यातलं अक्षर कळत नाही. सेन्सेईंना सगळं कळतं. "मागच्या वेळी उजवा खांदा होता. आज?"

"आज डावा."

"बरं, झोपा."

झोपायचं ते कुशीवर. ही अन्माची जुनी रीत. अन्मा म्हणजे जपानी मालिश, मुळात चीनहून आलेली. शर्ट अंगावरच राहतो, वर पातळ सुती कापड पसरलं जातं. तेलाचा थेंबही नाही. आपल्याकडे मालिश म्हटलं की आधी वाटीत तेल कोमट होतं. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे नुसतं चेपून घेतोस होय रे?" हो, नुसतं चेपून. पण चेपण्याचंही शास्त्र असतं. युरोपीय मसाज हातापायांकडून हृदयाकडे सरकतो, तर अन्मा मधून बाहेर जाते: मानेकडून खांदा, दंड, मनगट, शेवटी बोटांची टोकं.

सेन्सेईंचा अंगठा स्नायूच्या धाग्यांना आडवा जातो, लहान लहान वळसे घेत. एका जागी थांबतो, दोन बोटं मागे येतो, परत तिथेच जातो. मग दाब सुरू होतो. जोर अंगठ्याचा नसतो. कोपर सरळ करून सेन्सेई आपल्या अंगाचा भार हळूहळू सोडतात, आणि तितक्याच सावकाश काढून घेतात. दुखतं, पण 'बास' म्हणावंसं वाटेपर्यंत दाब सुटलेला असतो. "दुखतोय डावा," त्या म्हणतात, "पण आखडलाय उजवाच. माऊस उजवीकडे लांब ठेवता ना?" ठेवतो.

त्या दाबतात त्या जागांना नावं आहेत. मानेच्या बुडाशी वर आलेलं हाड आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मध्ये 'केन्सेई', कवटीच्या खाली दोन्ही बाजूंच्या खळग्यांत 'फूची'. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात असे ३६१ बिंदू नक्की केलेले आहेत. अंतर मोजायचं ते ज्याच्या त्याच्या अंगाच्या मापानं, म्हणजे माझ्या पाठीवर माझंच बोट ही पट्टी. सुश्रुतही मर्मं रोग्याच्याच अंगुळांनी मोजायला सांगतो. या बिंदूंमधून 'की' नावाची ऊर्जा वाहते, हे माझ्या गळी उतरत नाही. ॲक्युपंक्चरची खरी सुई आणि खोटी सुई यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत दोहोंतला फरक थोडाच निघतो, हेही मी वाचलेलं आहे. सेन्सेईंना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "परीक्षेला 'की' होती, शरीररचनाही होती. मी दोन्ही पाठ केलं. बोटांना मात्र गाठ लागते."

क्वचित त्या सुईही लावतात. मोक्सा, म्हणजे दवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीच्या पानांवरची लव त्वचेवर ठेवून जाळणं, त्यांना येतं, पण ऑफिसात धुराचा भोंगा वाजेल. सुई असते ०.१६ किंवा ०.२० मिलिमीटर जाडीची, केसासारखी लवचीक. ती बारीक नळीत येते आणि नळीच्या वर जेमतेम तीन-चार मिलिमीटर डोकावते. डाव्या हाताच्या चिमटीत नळी त्वचेवर उभी धरायची आणि उजव्या तर्जनीनं त्या टोकावर टक टक करायचं. टोचलं की नाही हे मला दर वेळी विचारावं लागतं.

ही नळी रूढ करण्याचं श्रेय जातं सुगियामा वाइचींना. जन्म १६१०चा, लहानपणीच दृष्टी गेलेली, आणि शिकायला गेले तिथून गुरूनं मठ्ठ म्हणून घालवून दिलेलं. आख्यायिका अशी की एनोशिमा बेटावरच्या गुहेत त्यांनी बेंझाइतेनचं (म्हणजे आपल्या सरस्वतीचंच जपानी रूप) अनुष्ठान केलं, आणि परतताना ठेचकाळले तेव्हा हाताला पोकळ नळीत अडकलेली पाइनची सुई लागली. आख्यायिका सोडा, पुढचं पक्कं आहे. पाचवे शोगुन त्सुनायोशी त्यांचे रोगी झाले, आणि वाइचींनी अंधांना सुई नि मालिश शिकवणाऱ्या शाळा काढल्या, पॅरिसच्या अंधशाळेच्या सुमारे शंभर वर्षं आधी. रात्री शिट्टी वाजवत गल्लीतून फिरणारा अंध अन्मावाला पुढे एदो काळातल्या चित्रांत आणि कथांत कायमचा बसला.

आज या धंद्याला परवाना लागतो. कायदा डिसेंबर १९४७चा. त्याआधी महायुद्धानंतरचं अमेरिकी ताबा प्रशासन सुई आणि मोक्सावर बंदीच घालायच्या बेतात होतं, तेव्हा अंध व्यावसायिक रस्त्यावर उतरले होते. अभ्यासक्रम किमान तीन वर्षांचा, वर राष्ट्रीय परीक्षा, ब्रेलमध्येही. १९६४मध्ये एक कलम आलं: अंधांच्या पोटावर पाय येत असेल, तर डोळसांसाठी मसाजचे नवे अभ्यासक्रम सरकारला नाकारता येतात. डोळसांना शिकवू पाहणारी एक संस्था याविरुद्ध कोर्टात गेली. फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम कायम ठेवलं. मला ते योग्य वाटतं. पण कुंपणाला भगदाडही आहे. स्टेशनाबाहेर स्वस्तात तासभर अंग रगडून देणारी दुकानं पैशाला पासरी आहेत. तिथल्या मुलांकडे परवाना नसतो, म्हणून पाटीवर 'मसाज' सोडून बाकी सगळं लिहिलेलं असतं.

कुंपणाची दुसरी बाजू सेन्सेईंनी एकदा मानेवर अंगठा असतानाच सांगितली. त्यांना गणित शिकायचं होतं. "अंधशाळेत सगळे विचारायचे, मग मसाजला कधी येतेस? तुला काय आवडतं, असं कोणी विचारायचं नाही." आता मुलांपुढे वाटा जास्त आहेत आणि मसाजच्या वर्गात येणारे कमी झालेत, याचं त्यांना वाईट वाटत नाही. आमच्याच टीममध्ये एक दृष्टिहीन प्रोग्रॅमर आहे, पंचविशीतला, स्क्रीन रीडर सेन्सेईंच्याही वरच्या वेगानं ऐकणारा. त्याची मान माझ्याहून वाईट आहे, आणि शुक्रवारची दुपारची वेळ त्यानं वर्षभरासाठी अडवून ठेवली आहे.