भिंतीला लांबी भरण्याआधी माती तपासा

मान्सूनच्या अंदाजाची बातमी आली की शेतकरी बियाण्याच्या मागे लागतो. अंकुशनगरसारख्या साखर कारखान्याच्या परिसरात घरालगत पत्र्याचं शेड टाकून लेथ आणि वेल्डिंग चालवणाऱ्यांनी याच दिवसांत पायाकडे बघायला हवं. खालची जमीन काळी आहे. मॉन्टमोरिलोनाइट या चिकणखनिजामुळे ती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. पहिल्या पावसात शेडच्या कडेची माती भिजते, मधली कोरडीच राहते. मग जोतं कडेने उचलतं, कोबा तडकतो, लेथची लेव्हल जाते आणि जॉब टेपर निघू लागतो. दोष मात्र मिस्त्रीच्या सिमेंटला दिला जातो.

आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी या मातीवर मूलभूत काम केलं, १९७०च्या दशकातच. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा साधारण मीटरभर थर दाबून बसवला, तर खालचं फुगणं आवरतं, हे त्यांनी दाखवलं. कालव्यांच्या अस्तरीकरणात हा उपाय वापरला गेला. त्यातली मेख चिकटपणात आहे. नुसती वाळू भरून भागत नाही, ती पाणी सरळ खाली सोडते. मुरूमही थोडा चिकणमातीचा, थराथराने धुम्मस करून बसवलेला हवा. इतकं पक्कं ज्ञान आपल्याच राज्यात तयार झालं आणि गावातल्या बांधकामापर्यंत पोहोचलं नाही, याची खंत वाटते.

माती किती फुगते हे तपासणंही सोपं आहे. भारतीय मानकानुसार बारीक चाळलेली सुकी माती १०-१० ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात रॉकेल, दुसऱ्यात शुद्ध पाणी १०० मिलिलिटरपर्यंत भरायचं, ढवळून हवा काढायची आणि निदान २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातला गाळ त्याच्या दीडपटीहून जास्त भरला, तर साधा उथळ पाया धोक्याचा. नवं शेड असेल तर अभियंत्याला अंडर-रीम्ड पाइलबद्दल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेल्या खोल खांबांच्या पायाबद्दल विचारा.

उभ्या शेडला पाण्याचा बंदोबस्त हाच खरा इलाज. पत्र्याला पन्हळ लावा, भोवती बाहेर उताराची फरसबंदी करा, न्हाणीचं पाणी लांब न्या, भिंतीला खेटून झाड लावू नका. हे झाल्याशिवाय भेगांवर एक रुपयाही खर्च करू नका.