छपराची आडवी तुळई कापू नका

पावसाळ्याच्या तोंडावर राळेगाव आणि आसपासच्या खेड्यांत छपरांची कामे निघतात. कवेलू उतरवून टिनाचे पत्रे चढतात, घराच्या पुढच्या भागात दुकान निघते, कापूस भरायला उंच जागा हवी असते. अशा वेळी मालक मिस्त्रींना म्हणतो, "ही आडवी तुळई काढून टाका, डोक्याला लागते." या मागणीला हो म्हणण्यापूर्वी आमच्या सुतार व गवंडी बांधवांनी दोन मिनिटे विचार करावा.

ही तुळई करते काय? दोन्ही बाजूंचे वासे वर आढ्यापाशी मिळतात आणि खाली भिंतींवर टेकतात. वरून वजन आले की त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात. रंगाऱ्याच्या घोडीची मधली दोरी सोडली की तिचे पाय फाकतात, तसेच हे. तुळई दोन्ही पाय ओढून धरते, म्हणून भिंतीवर फक्त खाली येणारे वजन राहते.

हिशेब पाहा. रुंदी 12 फूट, आढे भिंतीपेक्षा 3 फूट उंच आणि वाशांच्या एका जोडीवर 200 किलो वजन धरले, तर तुळईविना प्रत्येक भिंत सुमारे 100 किलो जोराने बाहेर ढकलली जाते. उंची 2 फूट केली तर हाच जोर 150 किलो होतो. मातीची भिंत वजन पेलते, बाजूचा रेटा सोसत नाही.

पुष्कळ जुन्या घरांत आढे मधल्या खांबांवर असते. तेथे वजन खांबच घेतो आणि रेटा कमी असतो. पण खांबाला वाळवी लागली किंवा दुकान मोकळे करण्यासाठी तो काढला, की सारा भार वाशांवर आणि रेटा भिंतींवर येतो.

टिन हलके असल्याने रेटा कमी होतो हे खरे. पण वादळात वारा पत्रे वर उचलतो. म्हणून वासा तुळईला आणि तुळई भिंतीला लोखंडी पट्टीने पक्की हवी.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड धाबे आणि दोहोंना बांधणारे काही नाही, अशी ती घरे होती. नंतरच्या दुरुस्तीत भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा, भिंतीत आरपार दगड आणि लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत तिरपे आधार, हेच उपाय सुचवले गेले. छप्पर आणि भिंती एकमेकांना धरून असतील तरच घर उभे राहते, हा त्याचा धडा.

कारागिरांनी इतके पाळावे :

1. तुळई वर उचलायचीच असेल, तर छपराच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागातच ठेवावी. जितकी वर, तितकी निकामी.
2. तुळईवर ताण असतो. नुसते खिळे उपटून येतात. बोल्ट व पट्टी वापरावी. खाचेपुढे लाकूड पुरेसे सोडावे, नाहीतर टोक चिरते.
3. आढे लवले, भिंतीचा माथा बाहेर झुकला किंवा कोपऱ्यात उभी भेग दिसली, तर ओळंबा लावून पाहावे. आधी टेकू द्यावा, मगच जुने लाकूड काढावे.
4. अंदाजपत्रकात तुळई, बोल्ट व पट्टी यांची रक्कम वेगळी लिहावी, म्हणजे मालकाला कळेल की तो नेमके काय वगळतो आहे.

मालक नाराज झाला तर एक काम जाईल. पण पहिल्याच वादळात छप्पर बसले, तर गावभर नाव मिस्त्रीचेच निघेल, आणि त्याखाली कोणाची लेकरे झोपलेली असतील. व्यवसायात विश्वास हेच भांडवल आहे. ते चार फूट लाकडासाठी गमावू नये.